मुकादमांचा कोरा फोन

मुकादमांशी बोलायचं असेल तर आधी तोंड रिकामं करावं लागे. गुटखा असो, पान असो, नाहीतर माझ्या डब्यातली पोळीभाजी, घास तोंडात ठेवून कुणी समोर उभं राहिलं की ते हात वर करून त्याला थांबवत. "तोंड रिकामा कर, मंग बोल." मग बोलणाऱ्याला खांद्याला धरून खिडकीकडे, उजेडाकडे वळवत. शेठसुद्धा त्यातून सुटत नसत. मुकादम कारखान्यातले सगळ्यांत जुने, म्हणून शेठ हसायचे आणि वळायचे. आम्ही याला मुकादमांची टापटीप समजायचो.

भिवंडीतल्या त्या कारखान्यात मी सहा वर्षं ऑफिसात होते. ऑफिस म्हणजे लूमच्या, यंत्रमागांच्या, शेडला लागून काढलेली एक खोली. कुठला माल कुठे गेला, कुठला टेम्पो कधी लागणार, हे कॉम्प्युटरवर भरायचं माझं काम. ती नोकरी मी पगारासाठी सोडली असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण मुकादम आहेत. त्यांनी अर्धं आयुष्य लपवून जपलेली गोष्ट मी एका दुपारी चारचौघांत उघडी पाडली, आणि तीही एका फोनच्या निवडीवरून. गोष्ट एवढीच होती की त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. आम्हाला हे माहीत नव्हतं, त्यामुळे आम्ही त्यांना विक्षिप्त म्हणत होतो.

विक्षिप्त म्हणायला त्यांनी आम्हाला भरपूर सामान पुरवलं होतं. रोज दिघाशीहून स्कूटरवर यायचे. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला तरी हे रस्त्याच्या मधून हलायचे नाहीत. लोक म्हणायचे, म्हातारा माजलाय. शेडमध्ये शिरले की पहिल्या लूमपासून शेवटच्या लूमपर्यंत प्रत्येकाच्या चौकटीवर तळहात टेकवत जायचे, देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्याला हात लावावा तसा. एखाद्या लूमवर हात थबकला की कारागिराला खूण करायचे आणि तो लूम बंद करायचा. उघडून बघितलं तर आत काहीतरी ढिलं झालेलं असायचंच. शेडमध्ये इतका आवाज असतो की तिथे कुणीच बोलत नाही. सगळं हातांच्या खुणांनी आणि ओठांवरून चालतं. त्या खुणांच्या राज्यात मुकादम राजे होते. समोरच्या टोकाचा कारागीर घरच्या भांडणाबद्दल शेजाऱ्याला काय सांगतोय हे ते या टोकाला उभं राहून वाचायचे आणि गालात हसायचे.

लाईट गेली की मात्र त्यांचा चेहरा पडायचा. लूम थांबले की आम्हा सगळ्यांना सणासारखं वाटे. चहा येई, गप्पा होत, कुणीतरी गाणं म्हणे. मुकादम तेवढ्यात कुठेतरी नाहीसे व्हायचे. हाक मारली तरी मागे वळायचे नाहीत. "काकांना आमचं सुख बघवत नाही," असं मी म्हणायचे आणि सगळे हसायचे. करोनाच्या दिवसांत तर त्यांनी कहर केला. जो मास्क लावून येईल त्याला दहा हात लांब उभं करायचे आणि सांगायचे, "काढ तो, आन मंग बोल." शेठनी त्यांना तेव्हा घरीच बसायला सांगितलं होतं.

या सगळ्यांवर कडी म्हणजे त्यांचं फोनवरचं बोलणं. फोन कुणाचाही असो, सूतवाल्याचा, टेम्पोवाल्याचा, खुद्द शेठचा, ते कान लावून शांतपणे ऐकायचे आणि शेवटी दोनच छोटी वाक्यं बोलायचे. "ऐकला. मंग सांगतो." फोन बंद. ना हो, ना नाही. मग जिना चढून गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जायचे. दहा मिनिटांनी खाली यायचे आणि परत फोन लावून चोख उत्तर द्यायचे: एवढे तागे, या गाडीत, या वाराला. त्यात कधी चूक झालेली मला आठवत नाही. शेडमधल्या सगळ्यांत वयस्कर कारागिराला आम्ही चाचा म्हणायचो. ते सांगायचे, "मुकादम साहब इस्तिखारा करने जाते हैं." म्हणजे अल्लाला कौल लावून येतात. मी एकदा गच्चीवर डोकावून पाहिलं. मुकादम डोळे मिटून बसले होते, फोन कानामागच्या हाडावर दाबून धरलेला, आणि ओठ हलत होते. मला चाचांचं पटलं. खाली येऊन मी त्यांची नक्कलही करून दाखवली. मला नकला बऱ्या जमतात.

आता फोनकडे येते. त्यांचा जुना फोन ज्या कंपनीचा होता तिने त्यावर स्वतःचा इतका मसाला ओतला होता की बघवत नसे. स्क्रीन उघडली की जाहिरात, कॅल्क्युलेटर उघडला तरी जाहिरात, नको असलेले वीस गेम, तऱ्हेतऱ्हेची वॉलपेपरं. त्याची बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं गेलं, तेव्हा त्यांनी कापडाच्या किनारीची पट्टी घेऊन तो बांधला आणि आणखी दोन महिने चालवला. शेवटी फोन चार्जच होईना. एका सकाळी ऑफिसात येऊन त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला.

"पोरी, असाच पायजे. हीच कंपनी."

हे मला सांगणं म्हणजे मला डिवचणं होतं. कारखान्यातल्या झाडून सगळ्यांचे फोन माझ्या सल्ल्याने घेतलेले होते. पडघ्याहून येता-जाता मी मोबाइलवर फोनचीच परीक्षणं बघायचे. फोनमध्ये दोन तऱ्हा असतात हे मी तिथे कितीदा तरी सगळ्यांना शिकवलं होतं: एक, मूळ सॉफ्टवेअर जसंच्या तसं ठेवलेला, ज्याला स्टॉक म्हणतात, दुसरा, कंपनीने त्यावर आपली कलाकुसर केलेला. आणि शहाण्या माणसाने स्टॉकच घ्यावा. शेठनीसुद्धा माझं ऐकलं होतं. राहिले होते एकटे मुकादम.

मुकादमांना पटवायला मी त्यांचंच हत्यार काढलं. आमच्या कारखान्यातून कापड कोरंच बाहेर पडायचं, रंगकाम दुसरीकडे. नवीन सुताचा पहिला तागा आला की मुकादम त्याची एक पट्टी फाडायचे, नळाखाली चोळून चोळून तिची कांजी काढायचे, पाइपवर वाळवायचे आणि मगच कापडाला बरंवाईट म्हणायचे. "कांजी सगल्यांनाच गोरा करते. धुतल्यावर कलतो." हे त्यांचं आवडतं वाक्य. तेच मी त्यांच्या अंगावर टाकलं.

"काका, तुम्ही कोऱ्या कापडाचे माणूस. कांजी धुतल्याशिवाय कापडाला हात लावत नाही. मग हा कांजी लावलेला फोन कशाला? कोरा घ्या."

सगळे हसले. चाचा दारात उभे होते, ते मात्र हसले नाहीत.

मुकादम माझ्या तोंडाकडेच बघत होते. मग म्हणाले, "कापडाची गोष्ट येगली. त्याच्यात रेकॉर्डिंग होतो का, आपोआप?"

तेव्हा मी थांबायला हवं होतं. का, एवढं एकदा विचारायला हवं होतं. मी काय विचारलं? "रेकॉर्डिंग? कुणाचं रेकॉर्डिंग करता काका? कुणी मैत्रीण आहे की काय?" पुन्हा हशा. त्यांचे कान लाल झाले. सत्तरीला टेकलेल्या माणसाचे कान लाल झालेले मी बघितले आणि मला मजा वाटली. मी म्हटलं, "होतं की. बोलताना एक बटण दाबायचं, बस." त्यांनी मान डोलावली. संध्याकाळी माझ्याबरोबर दुकानात आले, मी सांगितला तो फोन घेतला, आणि बटण कुठे आहे ते माझ्याकडून चारदा समजून घेतलं. जुना फोन सगळे कॉल न विचारता, न सांगता साठवून ठेवायचा. आम्हाला मसाला दिसत होता. त्यांना त्यातलं हे एकच लागत होतं. उभ्या उभ्या कानाला लावून त्यांना एखादाच शब्द समजायचा. गच्चीवर जाऊन, आवाज पूर्ण मोठा करून, फोन हाडावर दाबून, तीन-चारदा लावून ते एकेक वाक्य जोडत. त्यांचा कौल तो एवढाच.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला, आणि लगेच मध्येच एक बाई इंग्रजीत बोलली की हा कॉल आता रेकॉर्ड होत आहे. मूळ सॉफ्टवेअरमध्ये हे असं असतं. बटण दाबलं की दोन्ही बाजूंना सांगितलं जातं. एका परीक्षणात मी हे ऐकलं होतं आणि विसरले होते. मला हसू फुटलं. मला वाटलं, त्यांनाही ती बाई ऐकू आली असणार, कळेल त्यांचं त्यांना. त्यांना ती कधीच ऐकू आली नाही; ती बोलून झाल्यावरच रेकॉर्डिंग सुरू व्हायचं, त्यामुळे गच्चीवरही नाही. ते इमानदारीने प्रत्येक कॉलला बटण दाबत राहिले, आणि ती बाई प्रत्येक माणसाला सांगत राहिली.

आठ दिवसांत वातावरण फिरलं. सूतवाला मुकादमांशी बोलेना, मला फोन करू लागला. टेम्पोवाल्याने मला विचारलं, "ताई, मुकादमचा काय केसबिस चाललाय का?" कुणी म्हणालं, शेठविरुद्ध पुरावा गोळा करतोय. कुणी म्हणालं, दुसऱ्या कारखान्याला बातम्या पुरवतो, म्हणून गच्चीवर जातो. मी एका वाक्यात हे सगळं मिटवू शकत होते. तो फोनच तसा आहे, मी निवडलाय, चूक माझी आहे, एवढं म्हणायचं होतं. पण मग माझा सल्ला चुकला असं झालं असतं. शेठनी मला एकटीला बोलावून विचारलं, "हे मुकादमचं काय आहे? तुला काही माहिती?" तेव्हा मी म्हणाले, "मला काय माहीत शेठ? मी नुसता फोन निवडून दिला."

ते वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. त्यात शब्दशः खोटं काही नव्हतं, हेच त्यातलं वाईट.

शेठ माणूस म्हणून वाईट नव्हते, पण घाबरले होते. दुपारच्या सुट्टीत त्यांनी मुकादमांना ऑफिसात बोलावलं. मी होते, चाचा होते, सूतवालाही आलेला होता. शेठ म्हणाले, "मुकादम, बुरा मत मानना. तुमच्या फोनमध्ये काय आहे ते सगळ्यांसमोर एकदा ऐकू. मग विषय संपला." मुकादमांनी शेठचे ओठ वाचले. खिशातून फोन काढून माझ्या टेबलावर ठेवला. 

फोन उघडून यादी काढायचं काम माझ्याकडे आलं. मला ते नाकारता आलं असतं, हेही खरं. मी आवाज पूर्ण मोठा केला आणि एकेक लावत गेले. पहिला सूतवाल्याचा: माल परवा येतोय. दुसरा शेठचा: तेच ते. तिसरा मी स्वतः: जेवायला खाली येताय का. सूतवाला खुर्चीत हलला, शेठचा चेहरा सैल झाला. तिथेच थांबायचं होतं. मी चौथा लावला. त्यांच्या मुलीचा, त्याच सकाळचा. ती गणेशपुरीला दिलेली.

"बाबा, ही कोन बाई बोलते मधी? रेकॉर्ड करताव व्हय? बरा केलात. मंग मी सावकाश बोलते, नेहमीसारखा तीनदा ऐका. कानाचा मशीन आनलाय मी. डॉक्टर बोल्ला, आता लावला न्हाय तर आहे तेवढाही जाईल. बाबा, किती वर्सं लपवनार? मी कोनाला न्हाय सांगनार. तुमच्या कारखान्यात तर कोनालाच न्हाय. पन घरात तरी लावा. नातू हाक मारतो तुमाला, तुमी बघत न्हाय, तो रडतो..."

कुणीच फोन बंद केला नाही. मीही नाही.  मुलगी बोलत राहिली, आणि मुकादम टेबलाजवळ उभे राहून आमच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. शेठनी मान खाली घातलेली, सूतवाला भिंतीकडे बघतोय, चाचांनी डोळे पुसले. काहीतरी बोललं जातंय, ते आपल्याबद्दल आहे, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते कळतंय, एवढं त्यांना दिसत होतं. काय, ते एकट्या त्यांनाच ऐकू येत नव्हतं. फोनला ओठ नसतात.

शेवटी ते माझ्याकडे वळले. मला खांद्याला धरून त्यांनी खिडकीकडे वळवलं. "काय बोल्ली?"

मी म्हणाले, "काही नाही काका."

"काय बोल्ली, पोरी?"

मग मला ते बोलावं लागलं. सगळ्यांसमोर, उजेडात, एकेक शब्द तोंड उघडून. तुमची मुलगी. कानाचं मशीन. लपवू नका म्हणते. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. मी किती नकला केल्या होत्या त्यांच्या, आणि त्यांनी इतकी वर्षं माझं तोंड वाचलं होतं. त्यांना काय काय दिसलं असेल कोण जाणे.

"कलला," ते म्हणाले. फोन उचलून खिशात टाकला आणि शेडमध्ये गेले. सुट्टी होती, लूम बंद होते. तरी त्यांनी पहिल्या लूमच्या चौकटीवर तळहात ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

शेठनी त्यांना काढलं नाही. उलट माफी मागितली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना ऑफिसात बसायची खुर्ची दिली. फोनवरचं बोलणं माझ्याकडे आलं. सगळे त्यांच्याशी चांगुलपणाने ओरडून बोलायला लागले. "काकाऽऽ चहाऽऽ!" ओरडलं की माणसाचं तोंड वेडंवाकडं होतं आणि ओठ वाचता येत नाहीत, हे कुणाच्या गावी नव्हतं. ज्या माणसाचा शब्द शेडमध्ये शेवटचा असायचा त्याला आम्ही तान्ह्या पोरासारखं वागवू लागलो. एकटे चाचा पूर्वीसारखे खुणांनी बोलत. पंधरा दिवस मुकादम त्या खुर्चीत बसले. सोळाव्या दिवशी आले नाहीत. कुणाच्या तरी हातून शेडच्या किल्ल्या पाठवल्या.

त्या दिवशी मी चाचांजवळ गेले. म्हटलं, "चाचा, इतकी वर्षं कुणालाच कसं कळलं नाही?"

चाचा म्हणाले, "मुझे मालूम था बेटी. इस शेड में चालीस साल कौन पूरा सुनता है? मेरा भी एक कान गया. उनका ज़रा ज़्यादा गया." मग म्हणाले, "इस्तिखारेवाली बात मैंने ही चलाई थी. ताकि कोई ऊपर जाकर न देखे."

मी वर जाऊन बघितलं होतं, आणि खाली येऊन नक्कल केली होती. चाचांनी ती नक्कल बघितली होती, आणि तरी त्यांनी मला आजवर एका शब्दाने सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे मी नोकरी सोडली. माफी मागायची असं रोज ठरवायचे. एका रविवारी दुपारी, पडघ्याला घरी, दार लावून घेऊन मी त्यांना फोन लावला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं होतं. त्यांनी उचलला.

"काका, मी बोलतेय." आणि मी सगळं बोलले. म्हटलं, तुम्ही मागितला तोच फोन द्यायला हवा होता. म्हटलं, ती बाई बोलते हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी सांगितलं नाही. शेठना खरं सांगितलं नाही, ते स्वतःचा तोरा राखायला. चौथा कॉल लावायची काही गरज नव्हती, तो मी हौसेने लावला. बोलता बोलता रडले. पलीकडून श्वास ऐकू येत होता. मी कागद खाली ठेवला. मग त्यांचा तोच जुना आवाज आला.

"ऐकला. मंग सांगतो."

फोन बंद झाला. मला इतकं हलकं वाटलं की मी उठून चहा टाकला. दहा मिनिटं वाट बघितली. मग अर्धा तास. चहा गार झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी बोलत होते, आणि ती बाई मध्ये एकदाही बोलली नव्हती. बोलताना तर मला त्याचं बरंच वाटलं होतं, की आज कुणी अडवत नाही. त्यांनी बटण दाबलंच नव्हतं. आता ते कुणाचंच बोलणं साठवत नसणार. माझं त्या दिवशीचं सगळं बोलणं, रडण्यासकट, त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

ऐकू न येणाऱ्या माणसाची माफी मी फोनवर मागितली. का, तेही मला ठाऊक आहे. फोनवर माझं तोंड त्यांना दिसणार नव्हतं.

त्याला आता वर्ष होत आलं. मुलीने मशीन दिलं की नाही, त्यांनी लावलं की नाही, मला माहीत नाही. फोन वाजला की अजून मी आधी नाव बघते. पडघ्याहून दिघाशी काही लांब नाही. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल. तिथे जाऊन फार काही करायचंही नाही. त्यांच्या अंगणात उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं, आणि तोंड रिकामं करून तेच सगळं पुन्हा सावकाश बोलायचं. ते मी अजून केलेलं नाही.